खारं पाणी, गोडं पाणी आणि पेशी : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. मोठा सूक्ष्मदर्शक मे महिनाभर कापडात गुंडाळून ठेवला होता, तरी ४० पटीच्या वस्तुभिंगावर बुरशीचं जाळं चढलंय. कोकणातल्या दमट हवेत भिंगाला सर्वांत मोठा शत्रू हाच. लेन्स पेपर आणि थोडं स्पिरिट घेऊन अर्धा तास पुसलं. कडेला एक पांढरी रेघ राहिली, पण मधलं स्वच्छ दिसतं. आजपासून कपाटात बल्ब लावून ठेवते. तेवढ्या उबेने आतली हवा कोरडी राहते.

साधनं मोजली. चालू सूक्ष्मदर्शक एक, कागदी फोल्डस्कोप (खिशात मावणारे सूक्ष्मदर्शक) दोन, काचपट्ट्या पस्तीस, कव्हरस्लिप (वर झाकायच्या पातळ काचा) एक डबी, पेशी रंगवायला आयोडीन आहे, मिथिलिन ब्लू तळाला गेलंय. मुलं एकतीस.

प्रकल्पाचा विषय मुलांनी वहीत लिहिला तो असा: ‘सजीवांची मूलभूत रचना : पेशी’. आठवीत ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा सगळ्यांचा झालाय आणि व्याख्या तोंडपाठ आहेत. पेशी डोळ्यांनी पाहिलेली मात्र चारच मुलं निघाली.

२७ जून, गुरुवार

कांद्याचा पापुद्रा. सगळ्या शाळांत पहिली पेशी हीच दाखवतात, आणि ते योग्यच आहे. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या अंगाचा पापुद्रा एकाच थराचा निघतो, त्यामुळे प्रकाश आरपार जातो. आयोडीनचा एक थेंब, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची. पहिल्या दहा पट्ट्यांवर बुडबुडेच. काळ्या कडेचे गोल बुडबुडे बघून निम्म्या वर्गाने ‘बाई, पेशी दिसली!’ म्हणून ओरडून घेतलं. बुडबुडा कसा ओळखायचा हे शिकवण्यात अर्धा तास गेला. तो वाया गेला असं मला वाटत नाही. काय पाहायचं नाही हे कळल्याशिवाय पाहणं सुरू होत नाही.

मग मोजमाप. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी भिंगाखाली ठेवली. १०० पट मोठं दिसताना दृष्टिक्षेत्राचा व्यास १.८ मिलिमीटर भरला. पापुद्र्यातल्या पेशी लांबीच्या दिशेने मोजल्या: एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहा. म्हणजे एक पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर लांब. पट्टीवरच्या सर्वांत लहान खुणेमध्ये अशा तीन पेशी बसतात, हे कळल्यावर वर्ग गप्प झाला. एक मुलगा बराच वेळ पट्टीकडेच बघत बसला होता.

आकृत्या काढायला सांगितल्या तर सत्तावीस वह्यांत पुस्तकातली आकृती उतरली, मधोमध गोल केंद्रक आणि वर नावांचे बाण. समोर दिसत होत्या विटा रचल्यासारख्या लांबट पेशी, आणि बहुतेकींत केंद्रक कडेला भिंतीशी चिकटलेलं. ते कडेला का गेलं, तर मधली जागा रिक्तिकेने (पेशीतल्या रस भरलेल्या पिशवीने) व्यापलीय म्हणून. पुस्तकातली आकृती काढणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. वह्या परत दिल्या. उद्या पुन्हा काढायचं, पुस्तक न उघडता.

जाता जाता रॉबर्ट हूकची गोष्ट सांगितली. १६६५ साली त्याने बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात खोल्याखोल्या दिसल्या म्हणून त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. त्या खोल्या रिकाम्या होत्या. राहणारा कधीच गेला होता, भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या. मेलेल्या पेशीवरून पेशीला नाव पडलं, याचं मुलांना फार नवल वाटलं.

५ जुलै, शुक्रवार

गालाच्या आतल्या पेशी. स्वच्छ टूथपिक, हलकासा खरवडा, मिथिलिन ब्लू. भित्तिका (पेशीची बाहेरची कडक भिंत) नाही, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या आणि दुमडलेल्या. ठीक झालं. पुढे पाऊस फार, तीन दिवस शाळा बंद.

२२ जुलै, सोमवार

काल गुरुपौर्णिमा होती. पौर्णिमेचं उधाण, वरून घाटाकडचा पाऊस, आणि रात्रीच्या भरतीला खाडीचा बांध दोन ठिकाणी फुटला. खारं पाणी मळ्यात शिरलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरचे तीन कुणगे (भाताची खाचरं) त्यात गेले. लावणी होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ती आज उशिरा आली, पायांना चिखल तसाच.

दुपारी आठ-दहा मुलांना घेऊन बघायला गेले. बांधाच्या भगदाडात माणसं माती आणि फांद्या टाकत होती. उघाडीची झापं (बांधातल्या पाण्याच्या वाटेची दारं) ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर काढणं चालू होतं. रोपं पाण्यात उभी होती, पण मान टाकलेली. काहींचे शेंडे सुरळी झालेले.

मुलीची आजी बांधावर उभी होती. मला म्हणाली, “पाण्यात उभा रवान भात तानेन मेला, बाईनू.”

पाण्यात उभं राहून तहानेने मेलं! मी परत येईपर्यंत तेच डोक्यात होतं. आमच्या पुस्तकात परासरण (पटलातून पाण्याची ये-जा) आहे, अतिपरासारी (पेशीतल्या रसाहून जास्त खारं) द्रावण आहे, रससंकोच (पाणी गेल्याने पेशीच्या आतलं आकसणं) आहे. मुलांनी परीक्षेत त्याची उत्तरं लिहिली आहेत. आणि त्यांच्याच मळ्यात ते रात्रीतून घडलं, तेव्हा एकालाही धड्याची आठवण झाली नाही. मलाही आजीने म्हटल्यावर झाली.

बाटलीत दोन नमुने आणले: भगदाडाजवळचं पाणी आणि कुणग्यात साचलेलं पाणी.

२३ जुलै, मंगळवार

प्रकल्प बदलला. नवा प्रश्न मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहिला: ‘पाण्यात असून भात सुकतं कसं?’

दोन्ही नमुने गाळून प्रत्येकी एक लिटर स्टीलच्या टोपात आटवले. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा एका पालकांनी दिला. भगदाडाजवळच्या पाण्यातून १४ ग्रॅम क्षार निघाले, कुणग्यातल्या पाण्यातून ६ ग्रॅम. भर समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असतात. पावसाळ्यात नदीचं पाणी मिसळून खाडी पातळ होते, म्हणून १४. या क्षारांना ओल फार लवकर सुटते, तव्यावरून काट्यावर नेईपर्यंत आकडा वाढायला लागतो. त्यामुळे पुढचा-मागचा अर्धा ग्रॅम धरून चालायचं.

२४ जुलै, बुधवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

कांद्याच्या पेशीला रंग नाही, त्यामुळे आत काय आकसलं ते पटकन दिसत नाही. ऱ्हिओ घेतला, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचा, जो इथे बहुतेक अंगणांत कुंडीत असतो. पान मुरगळून फाडलं की खालच्या अंगाचा जांभळा पापुद्रा सुटतो. जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात असतो, म्हणजे निसर्गानेच रंगवून दिलेली पेशी.

आधी साध्या पाण्यात. षटकोनी खणांची जांभळी फरशी, रंग भिंतीपर्यंत काठोकाठ. मध्ये मध्ये पर्णरंध्रं (पानाची बारीक भोकं), त्यांच्या कडेच्या रक्षक पेशी हिरव्या.

मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, लिटरला ५० ग्रॅमचा, आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घेतलं. नेत्रिकेशी (डोळा लावायच्या भिंगाशी) कुणग्यांवाली मुलगी होती. तिला म्हटलं, दिसेल ते मोठ्याने बोल. तिचे शब्द एका मुलाने तसेच टिपून घेतले: “काय नाही... काय नाही... कोपरा सुटला. भिंतीपासून सुटला. दुसरापण. रंग आत चाललाय. मध्ये गोळा होतोय. बाई, भिंत तिथेच आहे, आतलंच लहान झालं!”

एका मिनिटाच्या आत सगळी फरशी बदलली. प्रत्येक खणात मधोमध गडद जांभळा गोळा आणि भोवती रिकामी कड. गोळ्याची जी सीमा दिसते, तिथेच प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) आहे. ते पाण्याला जाऊ देतं, मिठाला सहज आत येऊ देत नाही. बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी बाहेर. भित्तिकेतून मात्र मीठही जातं आणि पाणीही, म्हणून त्या रिकाम्या कडेत आता मिठाचं पाणीच भरलंय. भित्तिका आणि पटल यांतला फरक मी दहा वर्षं फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी शिकवत आले. आज पोरीने तो एका वाक्यात सांगितला.

लगेच कडेने विहिरीचं पाणी सोडलं. गोळे फुगत फुगत पुन्हा भिंतीला टेकले. उशीर झाला असता तर परतले नसते.

शेवटी उकळत्या पाण्यातून काढलेला पापुद्रा ठेवला. मिठाचं पाणी घातलं तरी गोळा होईना. रंग आधीच बाहेर पसरलेला, कारण उष्णतेने पटल फाटलं. इथे एका मुलाने विचारलं, “म्हणून तांबडी भाजी धुताना पाणी लाल होत नाही, शिजवताना होतं?” हो, म्हणूनच. हे उदाहरण मला सुचलं नव्हतं.

२६ जुलै, शुक्रवार

सहा वाट्यांत सहा द्रावणं: लिटरला ०, ५, ६, १०, २० आणि ३० ग्रॅम. प्रत्येकात पापुद्रा दहा मिनिटं. दर पट्टीवर ६० पेशी मोजायच्या, त्यांतल्या आकसलेल्या किती ते लिहायचं. दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने. ० आणि ५ मध्ये एकही नाही. १० मध्ये २६. २० मध्ये ५८. ३० मध्ये सगळ्या.

६ ग्रॅमची वाटी मी मुद्दाम ठेवली होती, कुणग्याच्या पाण्याएवढी. तिच्यातही शून्य.

एक मुलगा, वर्गात फारसा न बोलणारा, उभा राहिला. “बाई, सहा ग्रॅमला पेशी आकसतच नाही. मग भात का मेलं?”

त्याचं बरोबर आहे. रससंकोच झाला आणि भात मेलं, हे मी मनाशी धरलेलं उत्तर अपुरं आहे. घंटा झाली, पण मी त्याला आज उत्तर दिलं नाही. सोमवारी नीट देईन असं सांगितलं.

२९ जुलै, सोमवार

शनिवार-रविवार वाचन केलं. मुलांना सांगितलं ते असं:

पेशी आकसून भिंतीपासून सुटणं ही शेवटची पायरी. त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. पेशीत भरलेलं पाणी भित्तिकेला आतून दाबून धरतं, म्हणून रोप ताठ उभं राहतं. बाहेर थोडंसं मीठ वाढलं तरी मुळांना पाणी ओढणं जड जातं, हा दाब उतरतो, रोप मान टाकतं आणि वाढ थांबते. भाताला तर मातीच्या ओलीत लिटरला सुमारे २ ग्रॅम क्षार झाले की तिथूनच उतार लागतो. आपल्या कुणग्यात त्याच्या तिप्पट होते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. पानातून पाणी वाफ होऊन उडत राहतं आणि मुळं खालून पाणी ओढत राहतात. त्याबरोबर थोडं थोडं सोडियम चढतं. पाणी उडून जातं, सोडियम पानातच राहतं. रोज साचतं. पेशीच्या आत कामाला पोटॅशियम लागतं, त्याची जागा सोडियम अडवतं आणि विकरांची (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) कामं बिघडतात. म्हणून पान शेंड्याकडून करपतं: पाणी तिथपर्यंत जाऊन उडतं, मीठ तिथेच साठतं.

मग मळ्यातून आणलेली पानं काढली. शेंडे पांढुरके, बुडखे हिरवे. मुलांनी ती पट्टीवर ठेवून करपलेली लांबी मोजली. न बोलणाऱ्या मुलाने एकट्याने बारा पानं मोजली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मळ्यावर पुन्हा. आठवडाभर धो धो पाऊस. आजीने आणि शेजाऱ्यांनी दर ओहोटीला पाणी काढून पावसाचं गोडं पाणी साठू दिलं, पुन्हा काढलं. कुणग्याच्या पाण्यात आज लिटरला १ ग्रॅमच्या आत क्षार. वरच्या अंगाचा एक कुणगा सावरलाय, रोपांना मधून नवी पालवी फुटलीय. खालचे दोन गेले. त्यांत उरलेला तरवा (भाताची रोपं) लावलाय, पुरेसा नाही.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारपट्टीसाठीच्या जाती आहेत. केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. केरळातला पोक्कळी भातही याच गुणासाठी नावाजलेला. अशा जाती सोडियमला मुळाशीच बऱ्यापैकी अडवतात. आजीला सांगितलं. तिने बियाणं कुठे मिळेल, एवढंच विचारलं. कृषी सहायकांचा नंबर दिला.

८ ऑगस्ट, गुरुवार

भाताचा पेंढा तळ्याच्या पाण्यात आठ दिवस भिजत ठेवला होता. वास सुटला आणि वर साय धरली. त्या सायीखालचा थेंब. पॅरामेशियम! एका पेशीचे जीव, चपलेच्या तळव्यासारखे, सुसाट. कापसाचे दोन-तीन तंतू थेंबात टाकले, की त्यांत अडकून ते जरा थांबतात.

नजर ठेवायची होती संकोची रिक्तिकेवर. पॅरामेशियमला भित्तिका नाही. गोड्या पाण्यात राहतो, म्हणून पाणी सतत आत शिरतं, आणि ते बाहेर फेकलं नाही तर तो फुटेल. एक गोल पारदर्शक ठिपका भरत जातो आणि फट् करून नाहीसा होतो. पुन्हा भरतो. मुलांनी मोबाइलच्या घड्याळावर मोजलं: साधारण १० सेकंदांनी एकदा. लिटरला २ ग्रॅम मिठाच्या पाण्याचा थेंब शेजारी सोडल्यावर हा काळ लांबला, एका पॅरामेशियममध्ये २२ सेकंदांपर्यंत. बाहेर मीठ वाढलं की आत शिरणारं पाणी कमी, म्हणून उपसाही कमी.

इथे कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही. गळक्या होडीत बसून पाणी उपसणं यांतल्या बऱ्याच पोरांनी केलेलं आहे.

एका थेंबात एवढे जीव आहेत हे पहिल्यांदा पाहिलं ते डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने, १६७० च्या दशकात. तो कापडाचा व्यापारी होता. भिंगं स्वतः घासायचा.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल नारळी पौर्णिमा, सुट्टी. आज सकाळच्या ओहोटीला खाडीवर. पाऊस चार दिवस उघडलाय, त्यासाठीच थांबले होते.

तिवर आणि कांदळ ही खाडीतली खारफुटीची झाडं. तिवराचं पान चाटून बघायला सांगितलं. सगळ्यांची तोंडं वाकडी. खारट! कांदळाचं पान चाटलं, काहीच चव नाही. दोन्ही झाडं त्याच चिखलात, एकमेकांपासून दहा पावलांवर.

फोल्डस्कोप इथे कामाला आले. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने केलेलं हे कागदी यंत्र खिशात मावतं आणि चिखलात पडलं तरी रडायला नको. तिवराच्या पानावरून मिठाचे कण पट्टीवर झटकले आणि उन्हाकडे धरून बघितलं. चौकोनी. कोपरे धारदार, काही कण एकमेकांवर पायरीसारखे चढलेले. घरच्या मिठाचे कण शेजारी ठेवून पाहिले, तीच घडण. शाळेत आल्यावर पानाची वरची बाजू मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तिथे खोलगट ठिपके दिसतात. त्या मिठाच्या ग्रंथी. तिवराच्या मुळांशी दहातले नऊ हिस्से क्षार अडतो, जो वर चढतो त्यातला बराच या ग्रंथींतून पानाबाहेर. कांदळ मुळाशीच जास्त कडक गाळतो, त्याला पानावर ग्रंथी नाहीत.

तरी काही सोडियम आत राहतंच. तिवर ते पेशीच्या रिक्तिकेत कोंडून ठेवतो, आणि पेशीद्रव्यात (रिक्तिकेबाहेरच्या दाट द्रवात) पाणी ओढायला तेवढ्याच जोराचे, पण निरुपद्रवी पदार्थ बनवून साठवतो. आतला खारेपणा बाहेरच्यापेक्षा वरचढ राहिला की पाणी बाहेरून आतच येणार. भाताला हेच पुरेसं जमत नाही. न बोलणारा मुलगा म्हणाला, “म्हणजे तिवर मिठालाच पाणी ओढायच्या कामाला लावतो.” वहीत त्याच्याच शब्दांत लिहायला सांगितलं.

२०२० साली आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून पांढऱ्या चिप्पीची निवड झाली. तीही इथे खाडीच्या तोंडाशी आहे. पुढच्या खेपेला तिचं पान.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीनंतर. काचपट्ट्यांवर बुरशी, दोन कव्हरस्लिप फुटल्या. मुलं सोलकढी पिऊन आली आहेत, तेव्हा आगळाचा (कोकमाच्या खारट रसाचा) विषय निघाला: रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालींवर मीठ घालून ठेवलं की पाण्याचा थेंब न घालता रस सुटतो तो कुठून येतो? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज मासे. एकाच्या वडिलांची होडी आहे, त्याने बांगड्याचे कल्ले आणि मोरीचा (शार्क जातीच्या माशाचा) एक तुकडा आणला.

बांगडा समुद्रात राहतो, पण त्याचं रक्त समुद्राच्या मानाने पुष्कळ कमी खारट. म्हणजे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. कल्ल्याचा एक तंतू पट्टीवर ठेवला. दाभणाला पिसं लावावीत तशी नाजूक पानंपानं. त्या पेशी ओळखणं आमच्या भिंगाच्या आवाक्यातलं नाही, पण जागा बघितली.

मोरीने वेगळा मार्ग काढलाय. ती रक्तात युरिया साठवून आत विरघळलेल्या पदार्थांचा भार समुद्राइतका करते, मग पाणी बाहेर जायचं कारणच उरत नाही. मोरी शिळी झाली की नाकात जाणारा वास येतो तो याच युरियाचा जिवाणूंनी केलेला अमोनिया. तुकडा सकाळपासून दप्तरात होता. त्यामुळे हे कुणीही विसरणार नाही.

मग माणसाचं निघालं. खलाशी समुद्राचं पाणी पिऊन का जगत नाही? आपली मूत्रपिंडं समुद्राइतकं खारट मूत्र बनवू शकत नाहीत. प्यालेलं मीठ बाहेर टाकायला प्यालेल्याहून जास्त पाणी खर्ची पडतं. शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्तपेशींना तेवढंच समपरासारी (आतल्या रसाच्या बरोबरीचं). आमच्या ऱ्हिओच्या पेशी १० ग्रॅमला निम्म्याच्या आसपास आकसल्या होत्या. मुलींनी मागचं पान उलटून तो आकडा काढला आणि खाली रेघ मारली.

ऑक्टोबरअखेर

कापणी झाली. आजीच्या वरच्या कुणग्यातून भात आलं, खालच्या दोन्हींतून थोडंफार. पुढे दिवाळीची सुट्टी.

२ डिसेंबर, सोमवार

काल अमावास्या. रात्री साडेसातला होडीवाल्या मुलाच्या वडिलांचा फोन: पाण्यात उजेड दिसतोय, पोरांना घेऊन या. पालकांना विचारून, चौदा मुलं आणि पाच मोठी माणसं, जेटीवर गेलो.

लाट फुटली की तिची कड निळी पेटत होती. दोरी पाण्यात ओढली तर दोरीच्या मागे निळी रेघ. मुलं आधी ओरडली, मग आपोआप गप्प झाली. बादलीभर पाणी मलमलीच्या फडक्यातून हळू गाळलं आणि फडक्यावरचं बाटलीत उतरवलं. अंधाऱ्या खोलीत बाटलीला टिचकी मारली की आत लखकन निळं होत होतं.

आज सकाळी तोच थेंब काचपट्टीवर घेतला. नोक्टिल्युका. सूक्ष्मदर्शक लावायच्या आधीच, नुसत्या डोळ्यांना, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पारदर्शक मणी दिसतात. त्यांतला प्रत्येक मणी ही एकच पेशी. ४० पटीला बघितलं: फुग्यासारखी गोल, एका बाजूला खाच, खाचेतून निघालेली शेपटीसारखी हलणारी सोंड. जवळजवळ सगळी जागा एका मोठ्या रिक्तिकेची. खाचेजवळ पेशीद्रव्याचा पुंजका आणि तिथून सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. एकीच्या पोटात गिळलेला डायाटम (एका पेशीचं सूक्ष्म शेवाळ) स्पष्ट दिसत होता, काचेच्या नौकेसारखा. या पेशीला स्वतःचं हरितलवक (उजेडात अन्न बनवणारा हिरवा भाग) नाही, ती शिकार करून जगते. पट्टीवर मोजली, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी. म्हणजे आमच्या कांद्याच्या पेशीपेक्षाही लांब.

उजेड कसा, हे थोडक्यात: लुसिफेरिन नावाचा पदार्थ, लुसिफरेज नावाचं विकर, ऑक्सिजन. पेशी हलली-दाबली गेली की अभिक्रिया होते आणि प्रकाश पडतो. उष्णता जवळपास नाहीच.

कालच्या जेटीवरच्या पाण्यात लिटरला ३४ ग्रॅम क्षार. जुलैतल्या भगदाडाच्या १४ शेजारी हा आकडा लिहिला.

मग एका मुलाने न विचारता विहिरीच्या पाण्याचा थेंब कडेला सोडला. मी रागावणार होते, पण तोपर्यंत सगळे नेत्रिकेकडे धावले. नोक्टिल्युकाची पेशी फुगली, ताणली, आणि एका बाजूने फाटून चपटी झाली. धागे विस्कटले. भित्तिका नाही, उपसायला पंप नाही, आणि आयुष्य सगळं खाऱ्या पाण्यातलं. भाताला जे खारं पाणी मारतं तिथे ही सुखाने राहते, आणि भाताला जगवणाऱ्या विहिरीच्या पाण्याने ही अर्ध्या मिनिटात गेली. मुलाचा चेहरा पडला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की प्रयोग चांगला होता, पुढच्या वेळी आधी विचार.

९ डिसेंबर, सोमवार

पालकांना काम दाखवण्याचा दिवस. टेबलांवर वह्या, आटवलेल्या क्षारांच्या पुड्या, करपलेल्या पानांची चिकटवही. सूक्ष्मदर्शकाशी कुणग्यांवाली मुलगी.

तिची आजी आली. एक डोळा मिटून नेत्रिकेशी वाकायला तिला वेळ लागला. नातीने ऱ्हिओचा पापुद्रा लावला होता.

“ह्या काय गो, वांग्याच्या रंगाचा?”

“पानातलं घर, आजी. आता मीठ घालते, बघ.”

आजी बघत राहिली. मिठाचं पाणी गेल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, “आटला सगळा.” मग डोळा न काढताच, नातीचा हात चाचपून धरत, “गोडा पाणी घाल. बेगीन घाल.”

नातीने विहिरीचं पाणी सोडलं. मागे रांगेत सात-आठ माणसं होती. आजीने स्टूल सोडलं नाही. दोन मिनिटांनी तिचा खांदा हलला.

“इला,” ती म्हणाली. “भिंतीक लागला बघ परत.”